अकराव्या वर्षीचा उंबरठा

उत्तर आयर्लंडमध्ये फॉइल नदीच्या काठी डेरी नावाचे एक जुने तटबंदीचे शहर आहे. सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव लंडनडेरी असे लिहिले जाते. परंतु तेथील कॅथलिक माणूस 'लंडन' हा अर्धा शब्द गाळूनच आपल्या गावाचे नाव घेतो. सहाव्या शतकात संत कोलंबा यांनी येथे मठ स्थापन केला, अशी परंपरा आहे. त्याच संताच्या नावाने १८७९ साली मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. सेंट कोलंब्स कॉलेज हे तिचे नाव. नावात कॉलेज असले तरी ती माध्यमिक शाळाच. या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये दोन नोबेल पारितोषिकविजेते आहेत. कवी शेमस हीनी यांना १९९५ साली साहित्याचे पारितोषिक मिळाले, आणि १९९८ साली जॉन ह्यूम यांना डेव्हिड ट्रिम्बल यांच्यासमवेत शांततेचे. पन्नासच्या दशकात काही वर्षे हे दोघे एकाच वेळी त्या शाळेत शिकत होते.

दोघांपैकी कोणाच्याही घरी पैसा नव्हता. ह्यूम यांचे वडील जहाजबांधणीच्या धंद्यात रिव्हेट ठोकणारे कामगार, आणि पुढे दीर्घकाळ बेकार. घरात सात मुले, जॉन थोरला. हीनी यांचे वडील कॅसलडॉसन गावाजवळ लहानशी शेती करीत आणि गुरांचा व्यापार करीत. तेथे नऊ मुले, शेमस थोरला. अशा घरांतील मुले लॅटिन-फ्रेंच शिकविणाऱ्या शाळेत पोचली, ती एका परीक्षेमुळे. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी द्यावयाच्या या परीक्षेला 'इलेव्हन प्लस' असे नाव पडले.

याच शहरात बॉगसाईड नावाच्या कॅथलिक कामगारवस्तीत १९५० साली आणखी एक मुलगा जन्मला. त्यानेही ही परीक्षा दिली आणि तो नापास झाला. त्याचे नाव मार्टिन मॅकगिनेस. या तिघांची आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या असंख्य आईबापांची ही हकिकत आहे. आपल्या लेकरांना परीक्षांना बसविणाऱ्या प्रत्येक घराला ती विचार करावयास लावील, असे वाटते.

व्याकरणाची शाळा

'ग्रामर स्कूल' याचा सरळ अर्थ व्याकरणशाळा. हे व्याकरण इंग्रजीचे नव्हे, लॅटिनचे. मध्ययुगात लॅटिन ही चर्चची, न्यायालयांची आणि विद्येची भाषा होती. ती ज्याला येई त्याला धर्मगुरू होता येई, लेखनिक होता येई, राजदरबारी काम मिळे. म्हणून कॅथीड्रलच्या आणि मठांच्या आश्रयाने अशा शाळा निघाल्या. १३८२ साली बिशप विल्यम ऑफ वायकम यांनी विंचेस्टर येथे शाळा स्थापन केली, आणि १४४० साली राजा सहावा हेन्री याने ईटन येथे. दोन्ही ठिकाणी सत्तर गरीब विद्यार्थ्यांची सोय करण्यात आली होती. पुढे याच दोन शाळा श्रीमंतांच्या म्हणून जगभर प्रसिद्ध झाल्या, हा इतिहासाचा खेळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरिबाच्या हुशार मुलासाठी उघडलेले दार हळूहळू दुसऱ्याच कोणाच्या हाती जाते, ही गोष्ट पुढेही आपल्याला भेटणार आहे.

आयर्लंडमधील कॅथलिकांच्या वाट्याला या शाळाही सुखाने आल्या नाहीत. १६९५ साली झालेल्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालविण्यास आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठविण्यास बंदी घालण्यात आली. तेव्हा शिक्षक कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, पडवीत मुले जमवून चोरून शिकवीत. त्यांना 'कुंपणाआडच्या शाळा' असेच म्हटले जाई. आडवाटेच्या या शाळांतही कोठे कोठे लॅटिनचे धडे होत. १७८२ साली ही बंदी उठली. आयरिश कॅथलिक आईबापांच्या मनात शिक्षणाविषयी जी ओढ दिसते, तिच्यामागे ही आठवण आहे. जी वस्तू एकदा हिरावून घेतली गेली, तिचे मोल घरोघर सांगितले जाते.

परीक्षा आली कोठून?

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण फी भरून घ्यावे लागे. १९०७ साली सरकारने नियम केला की, ज्या माध्यमिक शाळा सरकारी अनुदान घेतात त्यांनी दरवर्षी प्रवेशाच्या साधारण चतुर्थांश जागा सार्वजनिक प्राथमिक शाळांतील मुलांसाठी विनाफी ठेवाव्यात. जागा थोड्या, मागणारे फार. साहजिकच चाचणी आली. तिला लोक 'स्कॉलरशिप' म्हणत.

परंतु ज्या मुलाच्या खेड्यातील शाळेत धड शिक्षक नाही, त्याने शहरातील मुलाशी कशी बरोबरी करावी? हा प्रश्न गॉडफ्रे थॉमसन या शिक्षणशास्त्रज्ञाला पडला. नॉर्थम्बरलंड परगण्यातील काही खेड्यांतून माध्यमिक शाळेत मुलेच येत नव्हती. ही मुले बुद्धीने कमी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने १९२१च्या सुमारास एक नवी चाचणी तयार केली. पाठांतराऐवजी विचारशक्ती पाहणारे प्रश्न तिच्यात होते: शब्दांची जोडी लावा, गटात न बसणारा शब्द ओळखा, अंकमालिका पूर्ण करा. त्या चाचणीने खेड्यापाड्यांतील हुशार मुले शोधून काढली. पुढे थॉमसन एडिंबरोला गेला आणि तेथील 'मोरे हाऊस' या नावाने त्याच्या चाचण्या देशभर वापरात आल्या. त्यांतून मिळणारा पैसा त्याने स्वतःसाठी न घेता संशोधनाकडे वळविला. 'बुद्धिमापन' हा शब्द आज आपल्या कानाला कोरडा लागतो. परंतु त्याच्या एका मुळाशी गरिबाच्या मुलाविषयीची ही कळकळ होती, हे विसरू नये.

त्याचे दुसरे मूळ मात्र तितकेसे निर्मळ नव्हते. लंडनचे मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचे म्हणणे असे की, बुद्धी बहुतांशी जन्मजात असते आणि बालपणीच तिचे माप घेता येते. सरकारी समित्यांवर या विचाराचा मोठा प्रभाव पडला. १९७१ साली बर्ट वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी जुळ्या भावंडांविषयी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवर गंभीर संशय घेतला गेला, आणि १९७९ साली त्यांच्या चरित्रकारानेही तो संशय मान्य केला. तोवर लाखो मुलांची वाटणी होऊन गेली होती.

१९४४ साली आर. ए. बटलर यांच्या पुढाकाराने इंग्लंड व वेल्ससाठी शिक्षणाचा कायदा झाला. सरकारी माध्यमिक शाळांतील फी रद्द झाली. अकराव्या वर्षी मुलांची निवड करून काहींना ग्रामर शाळेत, काहींना तांत्रिक शाळेत आणि बाकीच्यांना 'मॉडर्न' शाळेत पाठवावे, अशी व्यवस्था रूढ झाली. कायद्यात परीक्षेचा शब्द नव्हता. परंतु निवड करावयाची म्हटल्यावर परीक्षा आलीच. तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात दोनच वाटा उरल्या, आणि लोकांच्या बोलण्यात त्यांची नावे 'पास' आणि 'नापास' अशी झाली.

१९४७चा कायदा आणि धर्मग्रामांची पेटी

उत्तर आयर्लंडमध्ये असाच कायदा १९४७ साली झाला. तेथील परिस्थिती निराळी होती. सरकार प्रॉटेस्टंट युनियनवाद्यांच्या हाती होते. कॅथलिक शाळा चर्चच्या मालकीच्या, आणि त्या सरकारच्या नियंत्रणाखाली देण्यास बिशपांची तयारी नव्हती. त्यामुळे इमारतींचा मोठा भार धर्मग्रामांवर पडे. १९३० पासून बांधकामाच्या खर्चाचा निम्मा वाटा सरकार देत असे. १९४७च्या कायद्याने तो ६५ टक्के केला. उरलेले ३५ टक्के रविवारच्या दानपेटीतून, सोडतींतून, घरोघरच्या वर्गणीतून उभे करावयाचे. धर्मगुरूंनी ही पेटी किती वर्षे फिरविली असेल, याची कल्पना आपल्या धर्मग्रामांतील जुन्या मंडळींना सहज येईल. १९६८ साली सरकारचा वाटा ८० टक्क्यांवर गेला, आणि पूर्ण खर्च मिळण्यास ९०चे दशक उजाडावे लागले.

नवलाची गोष्ट अशी की, या कायद्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. सरकार आपल्या शाळा गिळंकृत करील, अशी भीती कॅथलिक बिशपांना वाटत होती. आणि कॅथलिकांना एवढे कशासाठी देता, असा प्रश्न ऑरेंज संघटनेचे लोक विचारीत होते. शिक्षणमंत्री सॅम्युएल हॉल-थॉम्पसन यांना थोड्याच वर्षांत पद सोडावे लागले, ते कॅथलिक शाळांच्या शिक्षकांसंबंधीच्या एका आर्थिक तरतुदीवरून उठलेल्या वादळामुळे. ज्या कायद्याने कॅथलिकांचे भाग्य पालटले, त्याचे श्रेय एका युनियनवादी मंत्र्याकडे जाते, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे.

कायद्याचा गाभा कॅथलिक आईबापांना चटकन कळला: मूल पास झाले की ग्रामर शाळेची फी नाही.

दिव्याखालचा अभ्यास

डेरीतील त्या काळच्या घरांची कल्पना करा. घरांची टंचाई भयंकर; एका छपराखाली दोन-तीन कुटुंबे. स्त्रिया शर्टांच्या कारखान्यांत कामाला जात किंवा घरी शिवण आणीत. पुरुष बेकारीच्या भत्त्यासाठी रांगेत उभे राहत. बालपणीची एक आठवण जॉन ह्यूम सांगत असत. त्यांच्या वडिलांचे अक्षर सुंदर होते. शेजारीपाजारी आपापली सरकारी पत्रे घेऊन येत, वडील स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून त्यांना उत्तरे लिहून देत, आणि त्याच टेबलावर जॉनचा गृहपाठ चाले. अभ्यासाची वेगळी खोली नव्हती. परंतु लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा दुसऱ्याला काय उपयोग होतो, हे त्या मुलाने रोज पाहिले. तयारीचा हा भाग कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडत नाही.

शाळेतील तयारी निराळी. परीक्षेत गणित आणि इंग्रजी असे, आणि त्याबरोबर बुद्धिचाचणीचे प्रश्न. घड्याळ लावून ते सोडवावयाचे. गुरुजी जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेत. ज्या मुलाकडून आशा आहे त्याला पुढच्या बाकावर बसविले जाई; ज्याच्याकडून नाही त्याच्याकडे दुर्लक्ष होई. चांगल्या शिक्षकांनाही हे टाळता येत नसे, कारण शाळेची कीर्ती पास झालेल्या मुलांच्या आकड्यावर ठरे.

सर्वच शिक्षक घोकंपट्टीचे नव्हते. हीनी ज्या अॅनाहोरिश गावच्या प्राथमिक शाळेत शिकले, तेथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुले एकत्र बसत. त्या देशात ही गोष्ट विरळाच. शाळेचे मुख्याध्यापक बर्नार्ड मर्फी यांनी या शेतकऱ्याच्या मुलाला पुढील शाळेसाठी लॅटिनचे धडे दिले. १९५१ साली हीनी सेंट कोलंब्सच्या वसतिगृहात दाखल झाले. मर्फी गुरुजींची आठवण त्यांनी पुढे आपल्या कवितेतही जागविली.

परीक्षेसाठी सराव करून घेतल्याने बुद्धी वाढते काय? बुद्धी जन्मजात असेल तर वाढू नये. परंतु ५०च्या दशकाच्या आरंभीच मानसशास्त्रज्ञ फिलिप व्हर्नन यांनी दाखवून दिले की, सराव आणि शिकवणी यांनी या चाचण्यांतील गुण वाढतात. १९५७ साली इंग्लंडमधील एका राष्ट्रीय शिक्षणसंशोधन संस्थेच्या अभ्यासाने सांगितले की, परीक्षा कितीही काळजीपूर्वक घेतली तरी सुमारे दहा टक्के मुले चुकीच्या शाळेत जातात. शंभरात दहा! वर्गात तीस मुले असतील तर तिघांचा निवाडा चुकतो, आणि ते तिघे कोण हे कोणालाच कळत नाही.

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक विचित्र गोष्ट घडत होती. त्या वयात मुली सामान्यतः मुलांपेक्षा सरस ठरतात. म्हणून उत्तर आयर्लंडमध्ये मुलांची आणि मुलींची गुणांची यादी वेगवेगळी लावली जाई. परिणामी एखाद्या मुलापेक्षा अधिक गुण मिळवूनही मुलगी बाहेर राही. १९८८ साली न्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर ठरविली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मुलांसाठी ग्रामर शाळेच्या ५४० जागा आणि मुलींसाठी अवघ्या ३६० होत्या. तेथेही १९८९ साली सर्वोच्च पातळीवर मुलींच्या बाजूने निकाल लागला. चाळीस वर्षे हे चालले होते, आणि अनेक मुलींनी आपण 'कमी पडलो' असे मानून आयुष्य काढले.

पेरले ते उगवले

ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांनी त्याचे सोने केले. सेंट कोलंब्समधून बाहेर पडलेल्या त्या पिढीत समीक्षक शेमस डीन आहेत. थोडे आधी तेथे शिकलेले नाटककार ब्रायन फ्रील आहेत, आणि एडवर्ड डेलीही आहेत. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत लष्कराने निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा पांढरा रुमाल हलवीत एका मरणोन्मुख मुलाला घेऊन जाणाऱ्यांच्या पुढे चालणारे तरुण धर्मगुरू ते हेच. पुढे ते डेरीचे बिशप झाले. मुलींमध्ये डंगॅनन येथील कॅथलिक ग्रामर शाळेत शिकलेली बर्नाडेट डेव्हलिन १९६९ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेली.

ह्यूम यांनी आधी धर्मगुरू होण्यासाठी मेनूथच्या सेमिनरीत प्रवेश घेतला. नंतर ते बाहेर पडले आणि आपल्या गावी परतून शिक्षक झाले. १९६० साली काही मित्रांसह त्यांनी डेरीत एक पतसंस्था सुरू केली, कारण गरीब माणसाला कोणतीही बँक कर्ज देत नव्हती आणि सावकार त्याला पिळून काढीत होते. वसई पट्ट्यातील वाचकांना पतपेढीचे मोल नव्याने सांगावयास नको. नोबेल मिळाल्यावरदेखील ह्यूम म्हणत की, आपल्या सर्व कामांत या पतसंस्थेच्या कामाचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो. १९६५ साली नवे विद्यापीठ डेरीला न देता कोलरेन या लहान गावाला देण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्धच्या चळवळीच्या अग्रभागी ते होते. १९६८ साली नागरी हक्कांचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा त्याच्या पुढाऱ्यांत आणि विद्यार्थ्यांत १९४७च्या कायद्याने शिकलेली ही पहिली पिढी होती. शिक्षणाने त्यांना नोकरी दिली, आणि आपल्यावर होणारा अन्याय नेमक्या शब्दांत मांडण्याची भाषाही दिली. आंदोलनाची कारणे अनेक होती: घरांच्या वाटपातील पक्षपात, नगरपालिकेच्या मतदानाचे अन्यायी नियम, बेकारी. तरीही त्या पिढीवाचून त्याला तो आवाज लाभला नसता, असे अनेक इतिहासकार मानतात.

दाराबाहेरची मुले

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

ग्रामर शाळेत जाणारी मुले नेहमीच अल्पसंख्य होती. कॅथलिक ग्रामर शाळांतील जागा तर मागणीच्या मानाने आणखी अपुऱ्या. उरलेली मुले 'सेकंडरी इंटरमीजिएट' शाळेत जात. आणि जेथे धर्मग्रामाला आपला वाटा उभा करता आला नव्हता, तेथे ती शाळाच नसे. मग जुन्याच प्राथमिक शाळेत वय पुरे होईपर्यंत बसावयाचे. एकाच घरातील दोन भावांचे गणवेश वेगळे होत. एकाच अंगणात खेळणारी मुले सप्टेंबरपासून एकमेकांना टाळू लागत. निकाल टपालाने घरी येई, आणि त्या सकाळी काही घरांत आनंद होई, तर काही घरांत आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राही.

येथे हीनी यांच्या आयुष्यातील एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६२ साली त्यांनी बेलफास्टच्या पश्चिम भागात बॅलीमर्फी वस्तीतील सेंट थॉमस शाळेत शिक्षकाची पहिली नोकरी धरली. ती इंटरमीजिएट शाळा होती, म्हणजे परीक्षेत न निवडल्या गेलेल्या मुलांची. त्या शाळेचे मुख्याध्यापक मायकेल मॅक्लव्हर्टी स्वतः नावाजलेले लेखक होते. परीक्षेच्या एका बाजूने आत गेलेला मुलगा दुसऱ्या बाजूच्या मुलांसमोर खडू घेऊन उभा राहिला.

मार्टिन मॅकगिनेस याच दुसऱ्या बाजूचे. ते ख्रिश्चन ब्रदर्सच्या तांत्रिक शाळेत गेले आणि पंधराव्या वर्षी शाळा सोडून खाटकाच्या दुकानात कामाला लागले. १९७२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते डेरीतील आय.आर.ए. या सशस्त्र संघटनेचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते होते. परीक्षेत नापास झाल्यामुळे ते त्या मार्गाला गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वस्तीतील हजारो नापास मुलांनी हाती शस्त्र घेतले नाही. परंतु एवढे खरे की, तो निकाल ते विसरले नाहीत. १९९९ साली शांतता करारानंतरच्या सरकारात ते शिक्षणमंत्री झाले. २००२ साली त्यांनी इलेव्हन प्लस बंद करण्याची घोषणा केली. ज्या मुलाला परीक्षेने बाहेर ठेवले, त्यानेच मंत्री होऊन परीक्षा बाहेर काढली.

चर्चची पेचात पडलेली सद्सद्विवेकबुद्धी

सरकारने घेतलेली अखेरची परीक्षा २००८ साली झाली. परंतु परीक्षा संपली, निवड संपली नाही. मुलांची निवड करण्यावर कायद्याने बंदी आली नव्हती. तेव्हा ग्रामर शाळांनी एकत्र येऊन २००९ पासून स्वतःच्या खाजगी परीक्षा सुरू केल्या. एक मुख्यतः प्रॉटेस्टंट समाजाच्या शाळांची, दुसरी मुख्यतः कॅथलिक शाळांची. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवू पाहणारे दहा-अकरा वर्षांचे मूल पाच पेपर देऊ लागले.

कॅथलिक बिशपांनी मात्र अकराव्या वर्षी मुलांची अशी निवड करणे योग्य नाही, अशी भूमिका घेतली आणि आपल्याच ग्रामर शाळांना ती सोडून देण्याचे आवाहन वारंवार केले. काहींनी ते ऐकले. कोलरेन येथील लोरेटो भगिनींच्या परंपरेतील शाळेने परीक्षा घेणे बंद केले. मदर तेरेसा १९२८ साली ज्या संस्थेत दाखल होऊन पुढे कोलकात्यास आल्या, तीच ही लोरेटो. इतर अनेक कॅथलिक शाळांनी मात्र परीक्षा चालूच ठेवली. त्यांचे पालक म्हणत, आमच्या वडिलांना या दारातून आत जाता आले, आता ते बंद का करता? हा प्रश्न स्वार्थी म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. याच परीक्षेने आपल्याला वर आणले, ही आठवण घरोघर जिवंत होती.

दरम्यान दार पुन्हा दुसऱ्याच्या हाती चालले होते. प्राथमिक शाळांनी या खाजगी परीक्षांची तयारी वर्गात करून घेऊ नये, असा सरकारी आदेश निघाला. हेतू चांगला, परिणाम असा की, ज्याला परवडते तो खाजगी शिकवणी लावू लागला आणि ज्याला परवडत नाही तो मागे राहिला. २०१६ साली हा आदेश मागे घेण्यात आला. २०२१ साली कोविडच्या साथीमुळे परीक्षा होऊ शकली नाही आणि शाळांना अन्य निकषांवर मुले घ्यावी लागली. २०२३च्या नोव्हेंबरपासून दोन्ही समाजांच्या ग्रामर शाळांची एकच सामायिक परीक्षा होऊ लागली आहे. दोन शनिवारी दोन पेपर. एवढ्यापुरते तरी दोन्ही समाजांचे एकमत झाले, असे थोड्या खेदाने म्हणावे लागते. इंग्लंडमध्ये १९६५ नंतर बहुतेक जिल्ह्यांनी ही निवड सोडली. तरी तेथे अजून १६३ ग्रामर शाळा आहेत आणि त्यांच्या प्रवेशासाठी शिकवण्यांचा मोठा व्यापार चालतो. स्कॉटलंड व वेल्समध्ये अशी एकही सरकारी शाळा उरलेली नाही.

पालकांसाठी दोन शब्द

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र संमत केले, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे म्हटले आहे. आणि कॅथलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी वाहावी, असेही त्यातच सांगितले आहे. डेरीची हकिकत वाचताना या दोन गोष्टींतील ताण जाणवतो. आपल्या मुलासाठी उत्तम ते मिळवावे, हे आईबापांचे कर्तव्य. शेजारच्या मुलाचे काय, हे समाजाचे कर्तव्य. पहिले पार पाडताना दुसऱ्याचा विसर पडणे फार सोपे असते.

आपल्याकडेही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आहे, आणि त्यांच्या तयारीसाठी घराघरांत रात्री दिवे जळतात. ते जळावेत. मर्फी गुरुजींसारखा शिक्षक एखाद्या मुलासाठी आपला वेळ देतो, तेव्हा तो पुण्याचेच काम करतो. फक्त दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. पहिली, परीक्षा चुकते. शंभरात दहांच्या बाबतीत चुकते, हे त्या परीक्षेच्या अभ्यासकांनीच सांगून ठेवले आहे. तेव्हा निकालाचा कागद हाती येण्यापूर्वीच मुलाला सांगून ठेवावे की, कागदात काहीही असो, घरातील त्याची जागा बदलणार नाही. दुसरी, पुढच्या बाकावर बसविलेल्या मुलाइतकाच मागच्या बाकावरच्या मुलाचाही धर्मग्रामावर हक्क आहे. धर्मग्रामाच्या सभागृहात अभ्यासवर्ग चालत असेल तर तो दोघांसाठी असावा.

मार्टिन मॅकगिनेस मार्च २०१७ मध्ये वारले. त्याआधी दहा वर्षे ते उत्तर आयर्लंडचे उपमुख्यमंत्री होते, आणि ज्यांच्याशी वैर केले त्यांच्याच शेजारी बसून त्यांनी कारभार पाहिला. ती वाट ज्यांनी आधी चोखाळून दिली ते जॉन ह्यूम ऑगस्ट २०२० मध्ये वारले. साथीच्या नियमांमुळे त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला फार थोडी माणसे उपस्थित राहू शकली. एक पास झालेला आणि एक नापास झालेला, असे डेरीचे हे दोन पुत्र आज शहराच्या एकाच दफनभूमीत विसावले आहेत. तेथे येणारे लोक दोघांच्याही कबरीपाशी थांबतात. अकराव्या वर्षी कोणाला किती गुण मिळाले होते, हे तेथे कोणी विचारीत नाही.